प्रीती, दान आणि धर्मादाय

नवी मुंबईतील एका धर्मग्रामात रविवारच्या मिस्सेनंतर धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला होता. इंग्रजी माध्यमात शिकणारी दहा वर्षांची एक मुलगी चर्चच्या पायऱ्यांवर बसून आपल्या आजीला त्या दिवशीचा पाठ म्हणून दाखवीत होती. दैवी सद्गुण तीन : फेथ, होप आणि चॅरिटी. आजी वसईची. तिने लगेच मराठीत म्हटले, "विश्वास, आशा आणि प्रीती." मुलीला ते पटेना. "नाही आजी, तिसरं प्रीती नाही. चॅरिटी म्हणजे दान. नाताळात आपण जुने कपडे देतो ना, ते." आजी हसली आणि गप्प राहिली. आम्ही जवळच उभे होतो. आम्हीही गप्प राहिलो. कारण त्या मुलीचे चुकले असे आम्हांला छातीठोकपणे म्हणता येईना. तिने आपल्या घरादारात, शाळेत आणि चर्चमध्ये हा शब्द ज्या अर्थाने ऐकला होता, तोच तिने सांगितला होता.

हा घोळ केवळ भाषेचा असता तर हसून सोडून देता आला असता. पण संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आठवावा. आपली सारी मालमत्ता गोरगरिबांना वाटून टाकली, पण अंगी ही तिसरी गोष्ट नसली, तर त्या वाटण्याचा आपल्याला काहीही लाभ नाही, असे तो तेथे बजावतो. आता ही तिसरी गोष्ट म्हणजे दानच, असे मानले तर पौलाच्या सांगण्याला अर्थ उरत नाही. दान केले आणि दान नसले, असे कसे होईल? म्हणजे पौलाने जी गोष्ट दानापासून मुद्दाम निराळी काढून दाखवली, तिच्याच नावाचा अर्थ पुढे 'दान' असा होऊन बसला. हे कसे घडले आणि त्यात आपले काय हरवले, याचा विचार आपण सर्वांनी करावा असे आम्हांला वाटते.

मूळ लॅटिन शब्द 'कारितास'. तो 'कारुस' या विशेषणापासून झालेला आहे. कारुस म्हणजे प्रिय. आणि कारुस म्हणजेच महाग. प्राचीन रोममध्ये धान्याचा तुटवडा पडला आणि भाव चढले, की लोक त्याला धान्याची कारितास म्हणत. सिसेरोच्या लेखनात हा महागाईचा अर्थ आढळतो, आणि देशाविषयी व आप्तांविषयी वाटणारी ओढ सांगतानाही तोच सिसेरो हाच शब्द योजतो. कांदा-बटाट्याचा आणि अन्नधान्याचा घाऊक बाजार जेथे भरतो, त्या आमच्या वाशी-तुर्भ्याच्या रहिवाशांना या दोन अर्थांचे नाते समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. जे सहज हातचे सोडवत नाही, त्याचे मोल चढते. आणि ज्याच्यासाठी आपण मोल मोजतो, ते आपल्याला प्रिय असते.

बायबलचा ग्रीकमधील नवा करार लॅटिनमध्ये आला, तेव्हा 'अगापे' या ग्रीक शब्दाला प्रतिशब्द हवा होता. प्रेमासाठी लॅटिनमध्ये 'आमोर' हा शब्द होता. परंतु त्याला स्त्रीपुरुषांच्या आसक्तीचा वास होता. संत जेरोम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन बायबलमध्ये पौलाच्या त्या अध्यायात 'कारितास' हाच शब्द आहे. ईश्वर स्वतः प्रीती आहे, असे संत योहान आपल्या पहिल्या पत्रात सांगतो, तेथेही कारितासच आहे. बाजारातल्या भावाचा शब्द अशा रीतीने देवाच्या नावाला जाऊन भिडला. ज्या देवाने मानवासाठी आपल्या एकुलत्या एका पुत्राचे मोल मोजले, त्याच्या प्रीतीसाठी महागाईचा शब्द निवडला गेला, यात आम्हांला काही विसंगती वाटत नाही.

पुढे लॅटिनच्या पोटी निरनिराळ्या युरोपीय भाषा जन्मल्या आणि या एका शब्दाच्या वाटण्या झाल्या. फ्रेंच भाषेत त्याची चक्क दोन रूपे झाली : एक 'शेर्ते', म्हणजे महागाई, दुसरे 'शारिते', म्हणजे भूतदया, दानधर्म. एकाच आईच्या दोन मुली. एक बाजारात राहिली, दुसरी देवळात गेली. फ्रेंच माणूस पत्राच्या आरंभी मित्राला 'शेर' म्हणतो आणि दुकानात भाव ऐकूनही 'शेर' म्हणतो. पोर्तुगीज व इटालियन भाषांतील 'कारो' हा शब्दही असाच दुहेरी आहे. इटालियन माणूस 'पेर कारिता' म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला दान नको असते की प्रीतीही नको असते. 'नको हो बाबा, देवासाठी तरी' एवढाच त्याचा भाव असतो. बर्लिनमध्ये 'शारिते' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एक भलेमोठे रुग्णालय येते. प्लेगच्या भीतीने १७१० साली शहराबाहेर एक घर बांधले गेले. प्लेग बर्लिनपर्यंत आलाच नाही. आणि १७२७ साली प्रशियाच्या राजाने त्या वास्तूला हे फ्रेंच नाव दिले. जर्मनीतच १८९७ साली कॅथलिकांची 'कारितास' नावाची सेवासंस्था उभी राहिली. आपल्या देशातील बिशपांच्या आश्रयाने १९६२ साली स्थापन झालेली कारितास इंडिया हीही याच नावाच्या जागतिक परिवारातील आहे.

आणि हाच शब्द रुमानियात केवढ्या खोल गर्तेत गेला पाहा. साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर, १९९२ साली, 'कारितास' नावाची एक गुंतवणूक योजना निघाली. कॅथलिक सेवासंस्थेशी तिचा काही संबंध नव्हता. तीन महिन्यांत आठपट पैसे देण्याचे तिचे आश्वासन होते. आधीच्यांना द्यायचे ते नंतरच्यांच्या पैशातून, असा तो व्यवहार. तो १९९४ साली कोसळला आणि लाखो लोकांची पुंजी बुडाली. प्रीतीचे नाव लावले, की लोक विश्वास ठेवतात, हे फसवणाऱ्यालाही ठाऊक असते.

परंतु आमच्या मुलांच्या तोंडी जो शब्द आला तो इंग्रजीतून. तेथील कथा आणखी निराळी आहे. विल्यम टिंडेल यांनी १५२६ साली छापलेल्या इंग्रजी नव्या करारात पौलाच्या अध्यायातील जुना 'चॅरिटी' हा शब्द काढून तेथे 'लव्ह' हा साधा शब्द घातला. संत थॉमस मोर यांनी १५२९ साली त्यावर लेखणी उगारली. त्यांचे म्हणणे असे, की लव्ह कोणत्याही प्रेमाला म्हणतात. चॅरिटी म्हणजे देवासाठी केलेली पवित्र प्रीती. ते निराळेपण पुसू नये. टिंडेल यांचे उत्तर असे, की सामान्य माणूस चॅरिटी म्हटले की भिक्षा, दया, सहनशीलता असे काहीबाही समजतो. पौलाला हवा असलेला अर्थ त्यातून पोहोचत नाही. आज मागे वळून पाहिले तर दोघांचेही बरोबर होते, असे म्हणावे लागते. मोर यांनी जो अर्थ जपू म्हटले तो खरोखर जपण्याजोगा होता, आणि टिंडेल यांनी जी भीती व्यक्त केली ती खरी ठरली. पुढे मोर यांचा १५३५ साली राजाज्ञेने शिरच्छेद झाला; टिंडेल यांना १५३६ साली परदेशात पाखंडी ठरवून मृत्युदंड दिला गेला. प्रीतीला कोणता शब्द योजावा यावर भांडणाऱ्या दोघांनाही प्रीतीविना वागणाऱ्या सत्तेने संपवले. रीम्स येथील कॅथलिक भाषांतराने १५८२ साली आणि राजा जेम्सच्या भाषांतराने १६११ साली 'चॅरिटी'च ठेवले. १८८१ च्या सुधारित आवृत्तीत 'लव्ह' परत आले.

मधल्या काळात चॅरिटी हा शब्द कायद्याच्या हाती गेला होता. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत १६०१ साली झालेल्या कायद्याने चॅरिटीची कामे मोजून सांगितली. वृद्ध व दरिद्री यांना साहाय्य, जखमी सैनिकांचा सांभाळ, शाळा, गरीब मुलींची लग्ने, इतकेच नव्हे तर पूल, रस्ते व समुद्राचे बांध यांची दुरुस्ती हेही त्यात होते. पूल दुरुस्त करणारा मनातून लोकांवर प्रीती करतो की नाही, हे कायद्याने विचारले नाही. आणि कायद्याने ते विचारूही नये. हीच परंपरा इंग्रजांबरोबर मुंबई इलाख्यात आली. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांसाठी १९५० साली झालेल्या कायद्यात गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि लोकोपयोगी कामे यांचा चॅरिटीत समावेश झाला. हा कायदा राबवणारा अधिकारी इंग्रजीत चॅरिटी कमिशनर. मराठीत धर्मादाय आयुक्त. देऊळ असो, चर्च असो, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हटली की तिला त्यांच्या दप्तरी नोंद करावी लागते. संत पौलाचा शब्द असा रोममधून निघून, फ्रान्स व इंग्लंडमार्गे, आपल्याकडच्या सरकारी पाटीवर येऊन स्थिरावला.

मग आमच्या नवी मुंबईत काय होते? सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या या नगरात वसईकर, गोवेकर, मंगळूरकर, केरळीय, अहिल्यानगर-जालन्याकडचे अशी सारी कॅथलिक कुटुंबे एका छपराखाली मिस्सेला येतात. तिसऱ्या सद्गुणाला कोकणी माणूस 'मोग' म्हणतो, मल्याळी माणूस 'उपवी' म्हणतो, मराठी माणूस 'प्रीती' म्हणतो. पण सर्वांना समजावे म्हणून फलकावर लिहायची वेळ आली, की आपण 'चॅरिटी' लिहितो आणि तो फलक पेटीवर लावतो. त्या मुलीने तो फलक वाचला होता.

याचा आम्हांला स्वतःला आलेला अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या धर्मग्रामातील साहाय्य मंडळाबरोबर नाताळच्या आधी धान्याच्या पिशव्या वाटायला निघालो. यादीत बारा घरे होती. चौथे घर एका विधवा भगिनीचे. पती मूळचे जालना जिल्ह्यातील, बाजारात माथाडीचे काम करीत. वर्षापूर्वी वारले होते. बाईंनी आम्हांला बसायला सांगितले. आमची अजून आठ घरे उरली होती. आम्ही पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली, यादीवर सही घेतली, एकाने अहवालासाठी छायाचित्र काढले आणि आम्ही निघालो. जानेवारीत त्या बाई स्वतः ती पिशवी घेऊन आल्या. तिची गाठही सुटलेली नव्हती. "भाऊ, रागावू नका," त्या म्हणाल्या, "धान्याचं मी कसंतरी बघते. पण हे गेल्यापासून आमच्या घरी कुणी चहाला थांबलं नाही. तुम्हीपण थांबला नाहीत."

आम्हांला त्या वेळी रागच आला, हे कबूल केले पाहिजे. देणाऱ्याच्या मनात एक कृतज्ञतेची अपेक्षा नकळत दबा धरून बसलेली असते. पण राग ओसरल्यावर उरली ती लाज. आम्ही चॅरिटी केली होती. तिच्यात कारितास नव्हती. त्या पिशवीसाठी आम्ही दिलेले पैसे आम्हांला जाणवलेही नव्हते. आम्हांला महाग होता तो वेळ. आणि तोच आम्ही दिला नव्हता.

संत थॉमस अक्वायनस यांनी हा भेद सातशेहून अधिक वर्षांपूर्वी स्पष्ट केलेला आहे. त्यांच्या मते कारितास म्हणजे मैत्री : मानवाची देवाशी मैत्री, आणि त्या मैत्रीपोटी देवाच्या माणसांशी मैत्री. भिक्षादान हे त्या मैत्रीचे एक बाह्य कृत्य आहे. ती मैत्री नव्हे. झाडाला फळ लागते, पण बाजारातून आणलेले फळ दोऱ्याने बांधले म्हणून वाळक्या फांदीचे झाड होत नाही. ज्याच्या घरी आपण बसत नाही, त्याचे आपण मित्र कसे?

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. भुकेल्याने आमचे हृदय द्रवेपर्यंत वाट का पाहावी? त्याला आमची प्रीती नको असेल, भाकरी हवी असेल. आक्षेप खरा आहे. म्हणूनच धर्मादायाचा कायदा आम्ही तुच्छ मानत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या आहेत. त्या खाटेवर झोपणाऱ्याला कोणाच्या दयेपुढे वाकावे लागू नये. तो त्याचा हक्क आहे. हक्काने मिळालेल्या घासाला जी चव असते, ती मेहेरबानीच्या घासाला नसते. जे दुसऱ्याचे देणे आहे, ते दान म्हणून देणे हा तर त्याचा अपमानच होय.

परंतु त्या भगिनीच्या बाबतीत पुढे जे घडले, त्याने हक्क आणि प्रीती यांचे नाते आम्हांला शिकवले. आम्ही चहाला गेलो. मग पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेस, बोलता बोलता, कळले की पतीच्या नावे जमा असलेल्या भविष्यनिर्वाह निधीसाठी त्यांनी अर्जच केलेला नव्हता. कागद कोणते लागतात हे त्यांना ठाऊक नव्हते आणि विचारायचे कोणाला हेही ठाऊक नव्हते. महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी १९६९ सालापासून कायदा आहे. त्याखालील मंडळांकडे कामगारांच्या निधीची नोंद असते. आमच्यातल्या एका निवृत्त कारकुनाने चार दुपारी घालवून कागद जमवले, आणि यथावकाश ती रक्कम त्यांच्या हाती आली. ते पैसे आमचे नव्हते. ते त्यांचेच होते. बारा पिशव्या वाटून आम्हांला जे दिसले नव्हते, ते तीन कप चहाने दिसले. कायदा हक्क देतो. पण तो हक्क कोणाच्या दारापर्यंत पोहोचला नाही, हे पाहायला कोणीतरी त्या दारात बसावे लागते. सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या नाताळच्या दिवशी सही केलेल्या आपल्या पहिल्या परिपत्रकाला 'देउस कारितास एस्त' हेच नाव दिले. आणि समाजव्यवस्था कितीही न्याय्य झाली तरी प्रीतीची सेवा अनावश्यक होणार नाही, असे त्यात प्रतिपादले. त्याचा अर्थ आम्हांला त्या घरी कळला.

मराठी भाषेने आपल्याला या बाबतीत काही कमी दिलेले नाही. आपला 'महाग' हा शब्द 'महार्घ' या संस्कृत शब्दापासून आला; अर्घ म्हणजे मोल. आणि पूजनीय अतिथीला आदराने जे अर्पण करायचे, त्याला आपण 'अर्घ्य' म्हणतो. मोल आणि मान एकाच मुळाचे. तसाच 'माया' हा शब्द. आईची माया आपण म्हणतो, आणि एखाद्याने पुष्कळ माया जमवली असेही म्हणतो. कारितासची जी कथा, तीच मायेची : एका टोकाला जिव्हाळा, दुसऱ्या टोकाला पैसा. देणाऱ्याने दुसऱ्या टोकाची माया पुढे केली आणि पहिल्या टोकाची मागे ठेवली, की दान कोरडे होते.

मायेचा आणखी एक अर्थ शिंप्याला विचारावा. शिवताना शिवणीच्या आत जे थोडे कापड जास्तीचे राखून ठेवतात, त्याला तो माया म्हणतो. मूल वाढले की शिवण उसवायची आणि ती माया सोडायची. मग तेच वस्त्र पुन्हा अंगाला येते. ज्याच्यासाठी शिवतो तो वाढणार आहे, बदलणार आहे, उद्या आपल्या मापात मावणार नाही, हे गृहीत धरून शिवणारी ती शिलाई. आपण नाताळात जुने कपडे देतो ते आपल्या मापाचे. त्यांत कापड असते. माया असतेच असे नाही.

त्या मुलीला आता काय सांगावे? तिचा शब्द चुकला नाही, आणि आजीचाही नाही. शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत. पण परीक्षेच्या वहीतून हा पाठ घरी नेताना तिने आजीचा अर्थ आधी धरावा आणि आपला नंतर. आधी कोणी तरी प्रिय व्हावे लागते; मग त्याला काय द्यायचे हे आपोआप कळते, आणि दिलेले थोडेसे महागही पडते. तसे ते महाग पडले नाही, तर आपण काय दिले, हे एकदा तपासून पाहावे. येत्या नाताळात आमच्या मंडळाच्या यादीत बाराच घरे राहतील. मात्र एका दिवसात बारा घरे करायची नाहीत, एवढे आम्ही ठरवले आहे.